रात्री वॉर्डात कोण असतं

पहाटे ५

जानेवारीत इथे पाचलाच उजाडायला लागतं. वर्ध्याला तेव्हा साडेआठ वाजलेले असतात, आईची पूजा आटपलेली असते, म्हणून आमच्या फोनची वेळ ठरून गेली आहे. शेजारणींना ती "मुलगी परदेशात डॉक्टर आहे" एवढंच सांगते. पुढचा प्रश्न इंग्लंड की अमेरिका असा येतो, आणि ती "मलावी" म्हणाली की गाडी मालदीवच्या समुद्रकिनाऱ्यांकडे वळते. मलावी आफ्रिकेच्या आग्नेय भागात आहे. मोझांबिक, टांझानिया आणि झांबिया यांच्यामध्ये अडकलेला चिंचोळा देश, वस्ती दोन कोटींच्या घरात. समुद्र नाही, पण साडेपाचशे किलोमीटरहून लांब असं सरोवर आहे. त्या सरोवराकाठच्या एका जिल्हा रुग्णालयात मी फिजिशियन आहे आणि निम्मा वेळ शिकवते.

जानेवारी म्हणजे ऐन पावसाळा. शेतात मका उभा असतो पण काढणीला एप्रिल उजाडावा लागतो, आणि घरातला गेल्या वर्षीचा मका तळाला गेलेला असतो. डास, चिखल आणि रिकामी कोठी अशी तिन्ही एकदम येतात. लहान मुलांच्या वॉर्डात किती गर्दी असणार हे त्यावरून आदल्या महिन्यातच सांगता येतं.

सकाळी ७.३०

सकाळची बैठक प्रार्थनेने सुरू होते. सेवाग्रामला शिकलेल्या माणसाला याचं नवल वाटत नाही. मग रात्रपाळीचा क्लिनिकल ऑफिसर उभा राहतो आणि वही उघडून रात्र वाचून दाखवतो.

क्लिनिकल ऑफिसर हा डॉक्टर नव्हे. शाळा संपल्यावर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि वर्षभराची इंटर्नशिप, एवढी त्याची शिदोरी. त्याच्या खालोखाल मेडिकल असिस्टंट. त्याचं शिक्षण दोन वर्षांचं, आणि गावाकडची आरोग्य केंद्रं बहुतेक तोच सांभाळतो. मलावी १९६४ मध्ये स्वतंत्र झाला, पण स्वतःचं वैद्यकीय महाविद्यालय ब्लँटायर शहरात सुरू व्हायला १९९१ उजाडलं. मधल्या काळात डॉक्टर व्हायचं तर परदेशी जावं लागे, आणि गेलेले सगळे परतत नसत. देशाची दवाखान्यांची व्यवस्था उभी राहिली ती या डिप्लोमावाल्यांच्या जिवावर. अजूनही जिल्हा रुग्णालयात डॉक्टर बोटांवर मोजावेत इतके. त्यांच्यातला जिल्हा आरोग्य अधिकारी हा पुष्कळदा इंटर्नशिप नुकतीच संपवलेला तरुण असतो, आणि त्याचा दिवस डिझेल, पगारपत्रकं आणि औषधांच्या मागण्या यांत जातो.

आज वही वाचणारा पंचविशीचा आहे. रात्री अकरा मुलं भरती झाली, पहाटे तीनला एक गेलं. दीड वर्षाचं, मलेरियाने रक्त अगदी उतरलेलं, आलं तेव्हाच धापा टाकत होतं. गट जुळवून रक्त हातात येईपर्यंत थांबलं नाही.

या बैठकीत "हे का केलं नाही?" असं विचारायचं नाही, हा मी घालून घेतलेला नियम. तो प्रश्न ऐकला की माणूस वकील होतो. मी विचारते, "तेव्हा तुझ्याजवळ काय काय होतं?" मग खरी रात्र बाहेर येते. सिस्टर एकच होती. ऑक्सिजनचं यंत्र दोघांत वाटलेलं होतं. लॅबवाला घरी झोपतो, आणि पावसातून सायकल हाणत यायला त्याला पाऊण तास लागला. मलेरियावरचं माझं कितीही चांगलं व्याख्यान हा पाऊण तास कमी करू शकत नाही. लॅबमध्ये टाकलेली खाट करू शकते. जिल्हा अधिकाऱ्याला मी तिथेच सांगितलं, की पावसाळाभर लॅबवाला इथेच झोपेल असं बघा. त्याने मान डोलावली आणि डिझेलच्या यादीच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं.

संध्याकाळी सहा ते सकाळी साडेसात, म्हणजे निम्म्याहून जास्त दिवस, मी वॉर्डात नसते. आणि आजारी मूल येतं ते बहुधा तेव्हाच. आई शेतातून परतते, पोराचं अंग तापलेलं लागतं, कोणाची तरी सायकल मिळवावी लागते, निघेपर्यंत अंधार पडतो. म्हणून इथे शिकवायचं ते या तासांसाठी. दुपारी माझ्यासमोर विद्यार्थी किती हुशार दिसतो याला फारशी किंमत नाही.

सकाळी ८.३०

मुलांच्या वॉर्डात खाटेवर दोन-दोन पोरं आहेत आणि खाटांमधल्या जागेत आया, चितेंजे पसरून. चितेंजे म्हणजे इथल्या बायकांचं अंगाला गुंडाळायचं छापील कापड. तेच झोळी, तेच पांघरूण, तेच आडोसा. रुग्णाबरोबर घरचं एक माणूस राहतंच. त्यांच्यासाठी आवारात वेगळी शेड आहे, तिथे चुली पेटतात आणि नऊच्या सुमाराला धूर वॉर्डात शिरतो.

प्रत्येक रुग्णाजवळ एक छोटी वही असते, तिला आरोग्य पासपोर्ट म्हणतात. लस, वजन, जुने आजार, दिलेली औषधं, सगळं त्यात. आपल्याकडे केसपेपर दवाखाना ठेवतो आणि हरवतो. इथे तो रुग्ण ठेवतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, आणि सहसा हरवत नाही.

"मुली ब्वांजी, आमायी?" कशा आहात, आई? इतपत चिचेवा मला येते. पुढचं विद्यार्थी विचारतात. चार वर्षांची मुलगी, दोन दिवस ताप, काल संध्याकाळपासून झटके, आता हाक मारून उठत नाही. मलेरियाची पट्टी पॉझिटिव्ह.

"कोमा किती?" मी विचारते. एक विद्यार्थिनी पुढे होते. ब्लँटायर कोमा स्केल: नजर एखाद्या वस्तूमागे फिरते का, याला एक गुण, दुखवल्यावर हात कसा हलतो, याला दोन, रडतं कसं, याला दोन. एकूण पाच. दोन किंवा त्याहून कमी आले तर कोमा समजायचा. मोठ्यांसाठीच्या ग्लासगो स्केलमध्ये रुग्णाला बोलून उत्तर द्यावं लागतं, ते दीड वर्षाच्या पोराने कसं द्यावं? म्हणून माल्कम मोलिनो आणि टेरी टेलर या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात हे माप बसवलं. ते जगभरच्या पुस्तकांत गेलं. मी हे दर तुकडीला मुद्दाम सांगते, कारण ज्ञान नेहमी विमानातूनच उतरतं असं या मुलांना वाटायला लागलेलं असतं.

मुलीचा आकडा दोन. "मेंदूचा मलेरिया," विद्यार्थिनी म्हणते.

"कशावरून?"

"पट्टी पॉझिटिव्ह आहे."

"बाहेर रांगेत खोकल्यासाठी बसलेल्या दहा मुलांची पट्टी काढ. काहींची पॉझिटिव्ह निघेल आणि ती उड्या मारत घरी जातील."

इथे मी थोडी रेंगाळते. जिथे मलेरिया बारमाही आहे तिथे रक्तात जंतू सापडणं आणि जंतूंमुळे आजारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लँटायरमध्येच मेंदूच्या मलेरियाच्या निकषांत चोख बसणाऱ्या आणि दगावलेल्या ३१ मुलांची शवविच्छेदनं झाली होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सात मुलांच्या मृत्यूचं कारण भलतंच निघालं. जिवंतपणी फरक दाखवणारी सर्वांत भरवशाची जागा होती डोळ्याचा पडदा. तिथे पांढुरके चट्टे दिसतात, रक्तवाहिन्यांचा रंग उडालेला असतो, रक्तस्रावाचे ठिपके मध्यभागी पांढरे असतात.

बाहुली मोठी करायचे थेंब टाकून आम्ही वाट पाहतो. तोवर साखर: बोटातून एक थेंब, पट्टीवर. बेशुद्ध मुलाची साखर तपासल्याशिवाय पुढचं वाक्य बोलायचं नाही, हे इथे माझ्याही आधीपासून पाळलं जातं. साखर ठीक आहे. ऑफ्थॅल्मोस्कोप हातात घेऊन विद्यार्थिनी वाकते, बराच वेळ काही बोलत नाही, मग "दिसले" म्हणते आणि दुसऱ्याला बोलावते. पडदा स्वच्छ निघाला असता तर पट्टी बाजूला ठेवून मेंदूज्वराचा शोध घ्यायचा होता, पाठीतलं पाणी काढायचं होतं. तसं न करता नुसतं मलेरियाचं इंजेक्शन देत राहणं हा या भागातला सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग पडणारा आळस.

मुलीला रात्रीच आर्टेसुनेट मिळालं आहे. वीस किलोच्या आतल्या मुलाला दर किलोमागे तीन मिलिग्रॅम. पहिला डोस, मग बारा तासांनी, मग चोवीस तासांनी. २०१० मध्ये आफ्रिकेतल्या नऊ देशांत झालेल्या मोठ्या चाचणीत जुन्या क्विनाइनपेक्षा याने मृत्यू पाचात एकाहून थोडे जास्तच कमी केले. इंजेक्शन कुपी फोडून, विरघळवून, पुन्हा पातळ करून द्यावं लागतं. ते रात्री दोन वाजता एका सिस्टरच्या हातून बरोबर व्हावं म्हणून वजनानुसार मिलिलिटरचा तक्ता भिंतीवर मोठ्या अक्षरात लावला आहे. त्या तक्त्याने माझ्याहून जास्त मुलं वाचवली असतील.

पुढच्या खाटेवर हातपाय गार पडलेलं मूल. "सलाईन जोरात सोडू?" एक विद्यार्थी विचारतो. त्याला हसायचं काही कारण नाही. मीही हेच शिकले, आणि आपल्या खेड्यांत तर सलाईनची बाटली टांगल्याशिवाय डॉक्टरने काही केलं असं कोणाला वाटतच नाही. पण युगांडा, केनिया आणि टांझानियात ३,१४१ मुलांवर कोणीतरी हे तपासून पाहिलं. ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेली मुलं. काहींना झपाट्याने द्रव दिला, काहींना दिला नाही. २०११ मध्ये निकाल लागला. द्रव दिलेल्या गटांत ४८ तासांत शंभरात साधारण साडेदहा मुलं गेली, न दिलेल्यांत सव्वासात. अतिदक्षता विभाग असलेल्या देशांत लिहिलेलं पुस्तक व्हेंटिलेटर नसलेल्या वॉर्डात तसंच्या तसं चालत नाही. जुलाबाने सुकलेलं मूल या चाचणीत धरलेलं नव्हतं. त्याला पाणी लागतंच, आणि भरपूर लागतं. ही ओळ मी दोनदा सांगते, कारण अर्धवट ऐकलेली चाचणी न ऐकलेल्या चाचणीपेक्षा धोक्याची.

सकाळी ११.३०

ऑपरेशन थिएटरमधून निरोप. तिथे मला बोलावतात ते बाळासाठी. आई दूरच्या केंद्रातून आली आहे, कालपासून अडलेली, मध्ये ओढ्याला पाणी म्हणून ॲम्ब्युलन्स फिरून आली. सिझर करणारे क्लिनिकल ऑफिसर माझ्याहून वयाने मोठे आणि या कामात माझ्याहून कितीतरी पुढचे. मी फिजिशियन, पोटावर चीर घ्यायची वेळ माझ्यावर आली तर रुग्णाने खुशाल पळून जावं. भूल देणाराही क्लिनिकल ऑफिसर, त्याचं वेगळं शिक्षण घेतलेला. पाठीच्या कण्यात सुई, दोन मिनिटं, आईचे पाय जड होतात.

१९९८ ते २००० या काळात मलावीत झालेल्या आठ हजारांहून जास्त सिझरांची नोंद ठेवून एक अभ्यास झाला होता. शंभरात एकाहून किंचित जास्त आया दगावल्या. फाटलेली गर्भपिशवी आणि रक्तस्राव यांनी धोका वाढत होता, आणि कण्यातली भूल दिलेल्यांमध्ये पूर्ण भुलीपेक्षा मृत्यू कमी होते. त्यानंतरच्या, २००७ च्या अभ्यासात दिसलं की जिल्हा रुग्णालयांतल्या बाळंतपणाच्या तातडीच्या शस्त्रक्रिया बहुतांश क्लिनिकल ऑफिसरच करतात आणि त्यांचे निकाल डॉक्टरांच्या तोडीचे असतात.

हे मी पुण्यामुंबईच्या मित्रांना सांगते तेव्हा शांतता पसरते आणि मग कोणीतरी "पण आपल्याकडे नको हं" म्हणतं. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात मर्यादित परवान्याचे आरोग्य सेवक आले तेव्हा देशभर डॉक्टर संपावर गेले. पण आपल्याकडे हे कधी नव्हतंच असं नाही. जुन्या तालुक्याच्या गावांत अजून एखादी एल.सी.पी.एस.ची गंजलेली पाटी सापडते. कमी वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्या त्या डॉक्टरांनी दोन पिढ्यांची बाळंतपणं आणि ताप पाहिले. १९४६ मध्ये भोर समितीने डॉक्टर एकाच दर्जाचा हवा असं ठरवलं आणि ते अभ्यासक्रम बंद करायला सांगितले. दर्जा एक झाला. तो दर्जा शहरात राहिला.

क्लिनिकल ऑफिसरच्या डिप्लोमाचा एक गुण कोणत्याही माहितीपत्रकात लिहीत नाहीत: तो परदेशात चालत नाही. शेजारच्या मोझांबिकमध्ये शस्त्रक्रिया शिकवलेले असेच बिगरडॉक्टर आहेत. सात वर्षांनी पाहिलं तर त्यांच्यातले ८८ टक्के जिल्ह्यातच टिकून होते. त्याच रुग्णालयांत नेमलेला डॉक्टर एकही उरला नव्हता. मी स्वतः वर्धा सोडून इथे आलेली, त्यामुळे या आकड्यावर फार जोरात बोलत नाही.

बाळ बाहेर येतं. निळसर, ढिलं, आवाज नाही. बाळाच्या टेबलापाशी आज एक विद्यार्थी आहे आणि मी त्याच्या मागे, हात पाठीशी बांधून. ही माझ्या कामातली सर्वांत अवघड कृती. पुसणं, पाठ चोळणं. रडत नाही. "मिनिट होत आलं," मी म्हणते. तो मास्क लावतो, पिशवी दाबतो, छाती हलत नाही. माझी बोटं एकमेकांत रुततात. "मान?" तो मान किंचित सरळ करतो, मास्क पुन्हा बसवतो, दाबतो. छाती वर येते. पुन्हा. पुन्हा. मग एक चिडका, बारीक आवाज. शस्त्रक्रिया करणारे मान वर न करता "झालं का?" विचारतात आणि टाके घालत राहतात.

मी पुढे झाले असते तर वीस सेकंद वाचली असती. पुढच्या वेळी हा मुलगा पहाटे एकटा असेल तेव्हा ती वीस सेकंद कोण देणार होतं?

दुपारी १

जेवण. न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत सरोवरातले वाळवलेले बारीक मासे आणि पालेभाजी. मासे मी खात नाही म्हणून मला बीन्सचा जास्तीचा डाव मिळतो आणि थोडी कीव.

दुपारी २

आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यांना घेऊन आरोग्य केंद्रात आणि तिथून गावात. रस्त्याचं वर्णन टाळते. महाराष्ट्रातल्या वाचकाला खड्ड्यांविषयी नवं काही सांगता येईल असं वाटत नाही.

गावात भेटायचं असतं ते हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंटला. बारा आठवड्यांचं प्रशिक्षण, वाट्याला साधारण हजार माणसं, आणि पेटीत मलेरियाच्या पट्ट्या व गोळ्या, अमॉक्सिसिलिन, ओआरएस, झिंक. पाच वर्षांखालच्या मुलाला न्यूमोनिया, मलेरिया किंवा जुलाब असेल तर तो तिथेच औषध देतो. धोक्याची खूण दिसली तर पाठवून देतो. आपल्या आशाताईंशी तुलना लगेच सुचते, पण एक मोठा फरक आहे. हा सरकारचा पगारी नोकर आहे. आशाताईंना कामागणिक मोबदला मिळतो आणि तो वेळेवर मिळावा म्हणून त्यांना आझाद मैदानात बसावं लागतं.

विद्यार्थ्यांना मी सांगते, आज तुम्ही बोलायचं नाही, फक्त बघायचं. असिस्टंट एका आठ महिन्यांच्या बाळाचा सदरा वर करतो, घड्याळ लावतो आणि पूर्ण मिनिट श्वास मोजतो. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत मिनिटाला पन्नास किंवा जास्त म्हणजे जलद. एक ते पाच वर्षांत चाळीस. बाळ हाताला झोंबतं, मोजणी फिसकटते, तो शांतपणे पहिल्यापासून मोजतो. आमच्या विद्यार्थ्यांतले निम्मे पंधरा सेकंद मोजून चारने गुणतात. त्यांच्या माना खाली गेल्या ते मला दिसलं. माझं व्याख्यान वाचलं.

मग दंडाची पट्टी. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आली की तीव्र कुपोषण. एका मुलाची लाल भागात येते. भूक चांगली आहे, सूज नाही, ताप नाही; म्हणजे घरीच उपचार. त्याला पाकिटं मिळतात, गावात त्यांना चिपोंडे म्हणतात. शेंगदाण्याचं वाटण, दूध पावडर, तेल, साखर, जीवनसत्त्वं. पूर्वी अशा मुलाला घेऊन आईला आठवडेच्या आठवडे रुग्णालयात राहावं लागे, आणि घरी बाकीची पोरं व शेत वाऱ्यावर. मार्क मॅनरी या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने २००१ पासून मलावीतच हे घरी देऊन पाहिलं आणि मुलं जास्त बरी झाली. आता ते जगभर आहे. पाकीट फोडून मुलगा बोट घालतो. मी एकदा चाखलंय. आमच्याकडच्या दाण्याच्या लाडवात थोडं मीठ चुकून पडावं तशी चव.

असिस्टंटच्या वहीत लसींच्या रकान्यात मलेरियाचीही लस आहे. नेहमीच्या लसीकरणात ती देऊन पाहणारा पहिला देश मलावी, एप्रिल २०१९ मध्ये. नंतर ऑक्सफर्डची आर-२१ नावाची दुसरी लस आली, ती पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. हे सांगितल्यावर असिस्टंटने विचारलं, "पुणं तुमच्या गावाजवळ का?" मी हो म्हटलं. आफ्रिकेच्या अंतरांच्या मानाने ते खोटं नव्हतं.

गाडीत परतताना विद्यार्थ्यांना जामखेडची गोष्ट सांगते. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने दुष्काळी भागात काम सुरू केलं, पुढे गावातल्या, कित्येकदा निरक्षर, बायकांना आरोग्य सेविका केलं. १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यामागे जी मोजकी उदाहरणं होती त्यांत ते होतं. "त्या बायका डॉक्टरांना शिकवायच्या?" मागून प्रश्न येतो. अजूनही शिकवतात, देशोदेशीचे लोक तिथे शिकायला जातात. तुम्ही आत्ता दुसरं काय करून आलात?

दुपारी ४.३०

सरावाची खोली. रबरी बाहुली, पिशवी, मास्क. कोपऱ्यात दान आलेली यंत्रं कापडाखाली झाकलेली. एकाचा प्लग वेगळा, एकाचा सुटा भाग मिळत नाही, एकाचं मार्गदर्शन पुस्तक जर्मन भाषेत. दात्यांना फोटो पाठवून झालेले आहेत.

एका यंत्राबद्दल मात्र मी दर तुकडीशी सविस्तर बोलते: बबल सीपॅप. नाकातून दाबाने हवा, दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं, बुडबुडे येत राहतात. स्वस्त, सुटसुटीत. ब्लँटायरच्या मोठ्या रुग्णालयात नवजात बाळांना ते लावलं तेव्हा शंभरात ७१ घरी गेली, नुसत्या ऑक्सिजनवर ४४ घरी गेली होती. २०१४ चा निकाल. सगळे आनंदले. मग सरोवराकाठच्या सलिमा जिल्हा रुग्णालयात न्यूमोनिया झालेल्या थोड्या मोठ्या मुलांवर चाचणी झाली, रोज डॉक्टरची देखरेख नसताना. २०१९ मध्ये आकडे आले: सीपॅपवर शंभरात १७ मृत्यू, साध्या ऑक्सिजनवर ११. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

मुलं वेगळी, आजार वेगळा, हे खरं. पण "यंत्र वाईट का?" असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, नळी निसटली, पोट फुगलं, बाळाने उलटी श्वासात ओढली, तर रात्री तीन वाजता ते कोणाच्या लक्षात येणार? यंत्राबरोबर एक जास्तीची सिस्टर मिळते का? कोणतंही नवं उपकरण वॉर्डात शिरताना हाच प्रश्न दारात विचारला जावा अशी माझी इच्छा आहे, आणि तो विचारल्याबद्दल मी एका बैठकीत अप्रिय झालेली आहे.

संध्याकाळी ६

पाळी बदलते. सकाळी वही वाचणारा तरुण झोपून, आंघोळ करून परत आला आहे. मी त्याला सगळी मुलं सांगत नाही, ज्यांची काळजी वाटते ती पाचच सांगते. साठ मुलांची यादी ऐकवली तर त्यातलं एकही लक्षात राहत नाही. डोळ्यात मलेरिया दिसलेली मुलगी आता तीनवर आहे, आईच्या आवाजाकडे तोंड वळवते. सकाळचं बाळ आईचं दूध ओढतंय.

रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये ओ पॉझिटिव्हच्या दोनच पिशव्या. या देशात रक्तदाते म्हणजे प्रामुख्याने माध्यमिक शाळांतली मुलं, त्यामुळे शाळांना सुट्टी लागली की फ्रिज रिकामा होतो. नाताळची सुट्टी नुकती संपली आहे आणि मलेरिया तिची वाट पाहत थांबलेला नव्हता. लॅबच्या कोपऱ्यात खाट मात्र आली आहे. गादी नाही.

रात्री ९.३०

फोन. तीन वर्षांचा मुलगा, मलेरिया, हिमोग्लोबिन ४.६. "कोमा पाच, साखर ठीक, श्वास मोजला, पूर्ण मिनिट. धाप नाही. लघवी साध्या रंगाची."

"काय विचारायचंय?"

"रक्त देऊ का?"

"तुला काय वाटतं?"

थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज. मग तो सांगू लागतो. युगांडा आणि मलावीत झालेली चाचणी, चार ते सहाच्या मधलं हिमोग्लोबिन, दुसरी कोणतीही धोक्याची खूण नसलेली मुलं. लगेच रक्त दिल्याने जगण्यात ठळक फरक पडला नाही. पण न दिलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना नंतर द्यावं लागलंच. "म्हणून आत्ता नाही. आठ तासांनी पुन्हा तपासतो. चारच्या खाली गेलं किंवा धाप लागली तर देतो. लॅबवाला इथेच आहे, गट करून ठेवलाय. मामाचं रक्त जुळतंय, मामाला जाऊ दिलेलं नाही."

"मग फोन कशाला केलास?"

"सकाळच्या बैठकीत ही केस मी विद्यार्थ्यांना शिकवू का, हे विचारायला."

"शिकव. पाच मिनिटांत आटप."

"तुम्ही पाच मिनिटांत काही आटपलेलं मी अजून पाहिलेलं नाही, डॉक्टर," तो म्हणाला, आणि मागून सिस्टरने त्याला हाक मारली.